नंबर तोच, टॉवर कुणाचा?

उपग्रहामार्फत परदेशाशी बोलता यावं म्हणून भारताने पहिलं व्यावसायिक भूकेंद्र उभारलं ते पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वी गावी. तीस मीटरच्या आसपास व्यासाची अवाढव्य तबकडी, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या सरकारी खात्याचा कारभार आणि वर आकाशात इंटेलसॅटचा उपग्रह, अशी ती व्यवस्था होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. टपाल खात्याने त्यावर तिकीट काढलं. दोनच महिन्यांपूर्वी निवर्तलेल्या विक्रम साराभाईंचं नाव त्याला मिळालं.

ज्या तालुक्याच्या माळावरून देशाचे परदेशी कॉल जात होते, त्याच तालुक्यातल्या व्यापाऱ्याला मुंबईच्या आडत्याशी दोन शब्द बोलायचे तर अर्धा दिवस मोडायची तयारी ठेवावी लागे. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचा आणि बाकावर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. घाई जितकी जास्त तितका पैसा जास्त. पलीकडे नेमका तोच माणूस हवा असेल तर पी. पी. कॉल. सेवा कुणाची घ्यायची हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नसे, कारण फोन म्हणजे सरकारचं एकच खातं. घरी फोन हवा असेल तर अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची.

गरज मात्र मोठी होती. जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव, या दोन तालुक्यांतल्या कित्येक घरांचा एक पाय मुंबईत. मुंबईचे डबेवाले मूळचे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ याच पट्ट्यातले. चैत्रात गावोगावच्या जत्रा आल्या की डबे बंद ठेवून ते आजही गावी येतात. गिरण्यांत, गोदीत, भाजीबाजारात इथली माणसं राबली. माळशेज घाट उतरला की कल्याण, एवढं ते अंतर जवळचं. पण घाटावर म्हातारी आजारी पडली, तर ते घाटाखाली कळायला तार किंवा एसटीने येणारा माणूस, हेच मार्ग होते.

चित्र पालटलं ते एसटीडी बूथने. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी छोटं टेलिफोन एक्सचेंज तयार केलं. धूळ आणि उन्हाळा सोसणारं, वातानुकूलनाशिवाय चालणारं हे यंत्र तालुक्याच्या गावांना परवडणारं होतं. जुन्नर-नारायणगावचा कोड ०२१३२ झाला, मंचर-घोडेगावचा ०२१३३. एसटी स्टँडजवळ काचेच्या खोल्या उभ्या राहिल्या, आत भिंतीवर लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणं आटोपून माणसं बूथपुढे रांग लावत. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजारच्या दुकानाचा नंबर पाहुण्यांना देत. अमक्याला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो, हे त्या काळातलं नेहमीचं बोलणं.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावलेला कॉल हा देशातला पहिला मोबाइल कॉल. सरकारने देशाची सर्कलमध्ये वाटणी केली. मुंबई वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. या दुसऱ्या सर्कलचे परवाने दोन कंपन्यांना मिळाले: बीपीएल आणि बिर्ला एटीअँडटी. मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात तेव्हा मारलेली ही रेघ जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पुढची वीस वर्षं नडणार होती.

परवान्यातली एक अट नीट पाहण्यासारखी आहे. कंपनीने पहिल्या वर्षी दहा टक्के जिल्हा मुख्यालयांत आणि तीन वर्षांत निम्म्या मुख्यालयांत सेवा सुरू करायची. एखाद्या मुख्यालयाऐवजी त्या जिल्ह्यातलं दुसरं शहर घेतलं तरी चाले. खेड्यांबद्दल बंधन नव्हतंच. पुणे शहरात सेवा दिली की पुणे जिल्ह्याचा हिशेब पुरा. त्यामुळे जाळं पसरलं ते धंद्याच्या वाटेने. पुणे-नाशिक महामार्गावरची मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजाराची गावं त्या वाटेवर होती. घोड, मीना, कुकडी या नद्यांच्या उगमाकडचा पश्चिम भाग, जिथे महादेव कोळी समाजाच्या वाड्या डोंगरांच्या कुशीत विखुरल्या आहेत, त्या वाटेवर कधीच नव्हता. आजही या दोन तालुक्यांत कुणी कुठली कंपनी घ्यावी याचं उत्तर माणूस महामार्गापासून किती आत राहतो यावर ठरतं, आणि त्याचं मूळ त्या अटीत आहे.

सुरुवातीच्या काळात आलेल्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून ज्याने फोन केला त्यानेच पैसे द्यायचे असं झालं आणि शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल शिरला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या कांदा-बटाट्याच्या आवारात पोचण्याआधीच भाव कळणं याचं मोल इथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. टोमॅटो तोडून क्रेट भरले की माल थांबत नाही. गाडी कुठल्या बाजाराला सोडायची हे बांधावर उभं राहून ठरवता येऊ लागलं.

त्या वर्षांत नंबर बघून कंपनी ओळखता येई. ९८२२ म्हणजे बिर्लांचं, पुढे आयडिया. ९८२३ म्हणजे बीपीएल. ९८९० एअरटेल, ९४२२ बीएसएनएल. एकाच कंपनीत बोलणं स्वस्त पडे, म्हणून सोयरिकीसारखी कंपन्यांची गणितं जुळवली जात: मुंबईतल्या मुलाकडे जे कार्ड, तेच गावी बापाकडे. एकदा नंबर पाव्हण्यारावळ्यांत, आडत्यांकडे आणि सोसायटीच्या वहीत गेला की कंपनी सोडणं जवळजवळ अशक्य होई. सेवा बिघडली, बिल वाढलं, तरी माणूस सोसत राही. कंपन्यांनाही हे माहीत होतं.

रिलायन्सने तर फोनच बांधून टाकला. डिसेंबर २००२ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हँडसेट हातात देणारी योजना आली. ज्यांनी कधी मोबाइल घेण्याचा विचार केला नव्हता त्यांच्या घरात तो आला, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण त्यातलं तंत्र सीडीएमएचं होतं. सिमकार्ड काढून दुसरं घालायची सोय त्या फोनमध्ये नव्हती; नंबर यंत्रातच बसवलेला. टाटा इंडिकॉमचंही तसंच. कंपनी सोडायची तर नंबरही जाई आणि फोनही. काही वर्षांनी दोन सिमचे स्वस्त फोन बाजारात आले तेव्हा ग्रामीण भागाने ते हातोहात उचलले, कारण कंपनी न सोडता दुसरी घेण्याचा तो पहिला मार्ग होता. घरात एकाची रेंज, मळ्यात दुसऱ्याची. दोन्ही कार्डं एका फोनमध्ये.

रेंजच्या बाबतीत जुन्नर तालुक्याचं आणखी एक वेगळेपण आहे. नारायणगावच्या पूर्वेला खोडद गावात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकात ती बांधली गेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि १६ तीन हातांनी शेतांमधून २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या. पुण्यापासून जवळ, तरीही शहराच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर आणि डोंगरांनी झाकलेली, म्हणून ही जागा निवडली गेली होती. दुर्बीण बांधून झाली आणि पाठोपाठ परिसरात मोबाइल आला.

दूरच्या आकाशगंगेतून येणाऱ्या क्षीण लहरीपुढे गावच्या टॉवरचा आवाज प्रचंड असतो. सीडीएमएचे टॉवर ८७० ते ८९० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत, जुने जीएसएमचे ९३५ ते ९६० वर. अद्ययावत झालेल्या जीएमआरटीचे पट्टे पाहिले तर शेवटचे दोन ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० असे आहेत. मधला ८५० ते १०५० चा तुकडा सुटलेला आहे, आणि मोबाइलचे हे दोन्ही जुने पट्टे नेमके त्या तुकड्यात येतात. दुर्बीण पाहायला येणाऱ्यांना फोन बंद ठेवायला सांगतात. परिसरातल्या टॉवरच्या परवानगीत दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणे-नाशिक रेल्वेचा नियोजित मार्गसुद्धा तिच्यासाठी फिरवायची वेळ आली. २०२२ च्या लिलावानंतर फाइव्ह-जीसाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरात आला आणि तो सरळ दुर्बिणीच्या पट्ट्यात शिरतो. चांगली रेंज मागणारा खोडदचा ग्राहक आणि शांतता मागणारा शास्त्रज्ञ, दोघांचंही मागणं रास्त आहे. हा तिढा सोडवण्याची जबाबदारी लहरींचं वाटप करणाऱ्या सरकारची आहे. ती गावावर ढकलून चालणार नाही.

नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क देशाला मिळाला तो २०११ मध्ये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २००९ मध्ये नियम केले. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. कमाल शुल्क तेव्हा १९ रुपये. त्यासाठी देशाचे दोन विभाग करून प्रत्येकी एका मध्यस्थ संस्थेकडे नंबरांची नोंदवही सोपवली. महाराष्ट्राची नोंदवही सिनिव्हर्स या कंपनीकडे गेली.

प्रक्रिया साधी, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायची. पोर्ट असं लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज पाठवायचा. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत जुनी कंपनी आणि सर्कल ओळखू येतं. हा कोड आणि कागदपत्रं घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, नवं कार्ड घ्यायचं आणि थांबायचं. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, बिल थकलेलं नको. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स मात्र बुडतो, म्हणून जाणते लोक तो आधी बोलून संपवत. ठरलेल्या रात्री जुनं कार्ड मुकं होतं. काही तास फोन कुणाचाच नसतो. मग नवं कार्ड घातलं की पडद्यावर नव्या कंपनीचं नाव येतं आणि पहिला कॉल बहुधा घरातल्याच माणसाला जातो, आवाज येतो का बघायला. पडद्यामागे याहून मोठा बदल होतो: त्या नंबरवर येणारा प्रत्येक कॉल आधी नोंदवहीची प्रत तपासतो की हा नंबर आता कुणाकडे आहे, आणि मगच वाट धरतो. ९८२२ म्हणजे अमकी कंपनी हे ओळखणं त्या दिवसापासून संपलं.

नंबर टिकण्याचं मोल नारायणगावात फार चांगलं कळतं. विठाबाई भाऊ मांग यांचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. जत्रांच्या हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. उरलेले महिने फड राज्यभर फिरतो. आज विदर्भात, परवा खानदेशात. त्याचा कायमचा पत्ता म्हणजे फडमालकाचा मोबाइल नंबर. मागच्या वर्षी ज्या गावाने तमाशा नेला, ते यंदा त्याच नंबरवर फोन करणार. तो बंद लागला तर सुपारी शेजारच्या राहुटीत जाते. एका मुक्कामी एकाची रेंज आणि दुसऱ्या मुक्कामी दुसऱ्याची, अशा जगण्यात नंबर हातात ठेवून कंपनी बदलता येणं ही धंद्याची गरज आहे.

पण २०११ चा हक्क सर्कलच्या आतच चाले. आळेफाट्याचा मुलगा नोकरीला मुंबईत गेला तर तिथल्या कंपनीत गावचा नंबर नेता येत नसे. एक तर रोमिंगवर राहा, नाही तर मुंबईचा नवा नंबर घ्या. डबेवाल्यांच्या आणि माथाड्यांच्या या मुलखाला त्या रेघेचा जाच इतरांहून जास्त झाला. ३ जुलै २०१५ पासून देशात कुठूनही कुठे नंबर नेता येऊ लागला, तेव्हा ती मिटली. डिसेंबर २०१९ पासून सर्कलच्या आतलं काम तीन कामाच्या दिवसांत आणि बाहेरचं पाच दिवसांत व्हायला लागलं. जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्ट करता येत नाही. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून खातं लुटणाऱ्यांना रोखण्यासाठी ही अट आली.

माणसांनी कंपन्या बदलल्या, त्याहून जास्त वेळा कंपन्याच बदलल्या. १९९० च्या दशकाअखेर ज्याने बीपीएलचं कार्ड घेतलं, तो काहीही न करता आधी हचचा, २००७ मध्ये व्होडाफोनचा आणि २०२० मध्ये व्हीआयचा ग्राहक झाला. त्याच्या शेजाऱ्याने बिर्लांचं कार्ड घेतलं. ते आयडिया झालं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोनशी विलीन होऊन त्याच घरात आलं. या सर्कलचे पहिले दोन प्रतिस्पर्धी आज एकच कंपनी आहेत. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस थांबली. एअरसेल २०१८ मध्ये कोसळली, टेलिनॉर आणि टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले. या बंद पडण्याच्या दिवसांत पोर्टिंग ही आवड राहिली नाही. नंबर वाचवायचा तो एकच रस्ता होता.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि फोनचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिचं जाळं फक्त फोर-जीचं असल्यामुळे बटणांचा जुना फोन तिथे निरुपयोगी. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, तोही त्याच कंपनीच्या कार्डावर चालणारा. सीडीएमएच्या वेळी जे घडलं तेच पंधरा वर्षांनी पुन्हा घडलं. इतर कंपन्यांनी २०१८ च्या शेवटी इनकमिंगसाठीही दरमहा किमान रिचार्जची अट घातली. कधीकाळी ९९९ रुपयांत लाइफटाइम म्हणून घेतलेली कार्डं ठेवून बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोन त्याने बंद पडले. कायद्याच्या भाषेत यात काही गैर नसेल, पण आयुष्यभराचा शब्द देऊन घेतलेले पैसे होते ते.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे देशभरात सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. त्याच सुमारास देशातल्या पोर्टिंगच्या एकूण मागण्यांनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला.

पश्चिमेच्या डोंगरातल्या आहुपे, पिंपरगणे, आसाणे, घाटघर, हातवीज या बाजूला हा आकडा फारसा लागू पडत नाही. पोर्ट करायला दोन कंपन्यांची रेंज लागते. याच डोंगरपट्ट्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं दगावली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या माणसाला गाव जागेवर दिसलं नाही. मोबाइल देशात येऊन १९ वर्षं झाली होती.

सरकारने दूरच्या गावांसाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी उभा केला. पुढे त्यातून एका टॉवरवर तीन कंपन्यांनी सेवा द्यायची अशी योजना आली. कल्पना अगदी योग्य होती, कारण डोंगरातल्या ग्राहकाला निवडीचा हक्क अशाच टॉवरने मिळू शकतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिलं. महाराष्ट्रात टॉवरसाठी जागा विनामूल्य द्यायचं राज्याने ठरवलं. २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशी बनावटीच्या फोर-जी जाळ्याचं उद्घाटन झालं. खासगी कंपन्यांना न परवडणाऱ्या वाड्यांत आजही भरवसा आहे तो या सरकारी टॉवरवरच, आणि त्याची वीज गेली, बॅटरी उतरली की पर्याय म्हणून पोर्ट करायला दुसरं काही नाही.

एप्रिल २०२५ पासून ट्रायच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला आपली सेवा कुठे आहे याचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा लागतो. टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी वेगवेगळं दाखवून. पोर्टचा मेसेज पाठवण्याआधी आपलं गाव, मळा आणि मुलांची शाळा त्यावर शोधून पाहण्यासारखी आहे. नकाशात रेंज दाखवली आहे आणि प्रत्यक्षात मिळत नाही, असं जिथे असेल तिथल्या ग्रामपंचायतीच्या हातात आता कंपनीला आणि ट्रायला विचारायला लेखी पुरावा आहे. जिथे नकाशाच कोरा आहे, तिथली मागणी वेगळी, आणि ती एका कंपनीकडे करून भागणार नाही.